कारवान सुटायच्या आधीचे तीन सेकंद

कारवान जातीचं कुत्रं पाळणाऱ्याने एक साधं गणित पाठ करून ठेवावं. कुत्रं ताशी 40 किलोमीटरने पळतंय असं धरा. चांगलं तयार कारवान याहून जोरात पळतं. म्हणजे सेकंदाला 11 मीटर. तुमचं लक्ष फोनमध्ये आहे, मान वर करून ‘अरे, कुठं निघाला’ एवढं म्हणेपर्यंत तीन सेकंद गेले की ते 30 मीटर पुढे असतं. दहा सेकंदांत ते शेजाऱ्याच्या बांधापलीकडे पोचतं, आणि पलीकडे शेळ्या असतील तर पुढचं बोलणं शेजाऱ्याशी होतं, कुत्र्याशी नाही.

कारवान, पश्मी, मुधोळ ही आपल्या दख्खनच्या माळरानाची कुत्री. लातूर, सोलापूर, सांगलीचा जत भाग आणि तिकडे बागलकोटपर्यंत ती पिढ्यान् पिढ्या वाढली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांना राजाश्रय दिला, 2005 साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्यावर तिकीट काढलं, आणि आता पुण्या-मुंबईतली माणसंही शेतघरावर ठेवायला पिल्लं नेतात. पिल्लू नेताना उंची, कातडीचा रंग, आईबाप सगळं विचारतात. आजूबाजूला शेळ्या-मेंढ्या किती, माळावर काळवीट आहे का, विहिरीला कठडा आहे का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. खरं तर पहिले प्रश्न हेच हवेत.

हे कुत्रं नजरेवर शिकार करतं. वास घेत, माग काढत जाणारं कुत्रं वाटेत दहा वेळा थांबतं, त्याला हाक ऐकू येते. कारवानच्या डोळ्यांना दूरवर हललेली वस्तू दिसली की शरीर आपोआप सुटतं, आणि एकदा सुटलं की कान बंद झाल्यासारखे होतात. त्याला अवज्ञा म्हणू नका. पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून आपणच हे घडवलंय. ‘पोटभर खायला घातलं की शेळ्यांच्या मागे लागत नाही’ असं गावात सर्रास सांगतात, तेही चूक. भुकेलं कुत्रं चोरी करतं, पण पळणाऱ्या वस्तूमागे धावणं भुकेतून येत नाही. तुडुंब जेवलेलं कारवानही धावतं, आणि भरल्या पोटी धावल्यामुळे त्याच्या पोटाला पीळ पडायचा धोका वाढतो. जेवण आणि पळणं यांत दोन्ही बाजूंनी किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

म्हणून सगळी मेहनत सुटायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांवर करायची. ते सेकंद ओळखता येतात. आधी चालता चालता कुत्रं थबकतं. मान उंच होते, मागे दुमडलेले कान उभे राहतात, तोंड बंद होतं. (धापणारं तोंड अचानक बंद होणं ही सगळ्यात खात्रीची खूण.) मग एखादा पुढचा पाय उचलला जातो आणि मागचे पाय किंचित दबतात. पाय दबल्यावर हाक मारून उपयोग नाही. तोंड बंद होताच शिटी वाजली पाहिजे.

शिटीसरशी तुमच्याकडे यायची सवय पिल्लू आठ आठवड्यांचं असल्यापासून लावायची. शिटी वाजवली की उकडलेल्या कलेजीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दिवसातून वीसेक वेळा, आधी घरात, मग अंगणात. शिटी फक्त याच कामाची. जेवायला बोलवायला, ओरडायला ती वापरायची नाही. आणि शिटीवर आलेल्या कुत्र्याला कधीही मारायचं नाही, ते शेळी चावून आलेलं असलं तरी. त्याला मार आल्याचा पडतो, चावल्याचा पडत नाही, आणि पुढच्या वेळी ते येतच नाही.

जनावरांची ओळख यानंतर. आठ ते सोळा आठवड्यांत पिल्लाने रोज गोठ्यात थोडा वेळ घालवावा, पण मोकळं नाही, दोरीवर. दावणीला बांधलेली शांत म्हैस किंवा पिलं नसलेली वयस्क शेळी यापासून सुरुवात करा. पिल्लाने वास घेतला आणि तोंड फिरवलं की तुकडा द्या. टक लावून पाहत बसलं की दहा पावलं मागे न्या. करडं, कोकरं आणि कोंबड्या सगळ्यात शेवटी, कारण त्या उड्या मारतात, ओरडतात, फडफडतात.

मोठं कुत्रं घरी आणलं असेल तर शेळ्यांच्या कळपापासून 50 मीटरवर उभे राहून सुरुवात करा. कुत्रं कळप बघतंय पण अजून तुमच्या हातातला तुकडा घेतंय, हे तुमचं आजचं अंतर. तुकडा नाकारला म्हणजे जास्त जवळ आलात. रोज दहा-पंधरा मिनिटं, आणि अंतर आठवड्याला पाच-सात मीटरनेच कमी करायचं. शेळ्या उभ्या असताना जमलं की चालताना, मग पळताना, आणि पळतानाचा टप्पा आला की पुन्हा 50 मीटरवरून. बहुतेकांची घसरगुंडी इथेच होते. उभ्या शेळीजवळ महिनाभर गुणी राहिलेलं कुत्रं शेळी उधळताच वेगळंच होतं, आणि मालक म्हणतो की एवढं शिकवून फुकट गेलं. फुकट गेलेलं नसतं, तो धडा शिकवायचाच राहिलेला असतो. कारवान दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत डोक्याने पक्कं होत नाही. तोवर ‘आता शिकलं’ असं समजून मोकळं सोडू नका.

दोन कुत्री असतील तर प्रत्येकाला वेगळं शिकवा आणि दोघांची परीक्षा एकत्र घ्या. एकटं असताना शेळ्यांत झोपणारं कारवान जोडीदार धावला की त्याच्यामागे धावतं. मेंढरांवरचे मोठे हल्ले बहुतेक वेळा दोन-तीन कुत्र्यांनी मिळून केलेले असतात.

आता दोरी आणि पट्टा. या कुत्र्याची मान डोक्याएवढीच रुंद असते, त्यामुळे साधा बकलचा पट्टा मागे सरकताच डोक्यावरून निघून येतो. चार-पाच सेंटिमीटर रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा पण गळफास न होणारा पट्टा घ्या. तो कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या भागात बसवा, दोन बोटं जातील इतका सैल. रोजच्या फेरीला दोन मीटर दोरी पुरे. शिकवण्यासाठी 10-15 मीटरची लांब दोरी लागते. बैलाच्या कासऱ्यासारखी सुती घ्या, नायलॉनची हात कापते. लांब दोरी मात्र पट्ट्याला कधीच बांधू नका, छातीच्या हार्नेसलाच बांधा. 25 किलोचं कुत्रं पूर्ण वेगात दोरीच्या टोकाला पोचलं तर सगळा झटका मानेच्या मणक्यावर येतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात.

गावाकडे खोडकर कुत्र्याच्या गळ्यात लोढणं बांधतात. कारवानला ते बांधू नये असं मी ठामपणे सांगते. त्याच्या पुढच्या पायांची हाडं लांब आणि बारीक असतात, पळताना लाकूड गुडघ्याखाली आपटत राहतं, आणि कुत्रं पळायचं काही थांबत नाही. त्यापेक्षा मुसकं बरं, पण मळणीच्या बैलाला घालतात तसं घट्ट नव्हे. पूर्ण तोंड उघडून धापता येईल आणि पाणी पिता येईल असं जाळीदार टोपलीचं मुसकं हवं. तोंड आवळून बांधलेलं कुत्रं उन्हात पंधरा मिनिटं पळालं तर उष्माघाताने मरू शकतं. आणि मुसकं घातलेलं कुत्रं चावत नसलं तरी घाबरवतंच. गाभण मेंढी नुसत्या पाठलागाने गाभडते, कळप वाघरीच्या (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या) कोपऱ्यात किंवा ओढ्याच्या काठावर एकमेकांवर चढून गुदमरतो. दाताची एकही खूण नसताना पाच मेंढ्या मेलेल्या सापडतात त्या अशा.

शेतघराच्या कुंपणाबाबत. चार फुटी जाळी हे कुत्रं उभ्याने ओलांडतं, पाच फुटीही थोड्या धावेवर. सहा फूट जाळी लावा, खाली एक फूट जाळी आतल्या बाजूला जमिनीवर दुमडून वर दगड रचा. वरच्या बाजूला काटेरी तार नको. कारवानच्या अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी, एका तारेवर मांडीपासून बरगडीपर्यंत फाटते. ज्या बाजूला शेजाऱ्याची जनावरं चरतात त्या बाजूला जाळीला पाच फुटांपर्यंत हिरवी शेडनेट बांधा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच, कारण जे दिसत नाही त्यामागे हे कुत्रं धावत नाही. उलट, शेळ्या दिसतील अशा जागी दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं तासन् तास त्यांच्याकडे बघून तापत राहतं, आणि साखळी सुटली त्या दिवशी घात होतो. फाटकं दोन ठेवा, एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. पाहुणा फाटक उघडं टाकतो, म्हणून हा खर्च टाळू नका.

विहिरीला कठडा नसेल तर कुत्रं आणण्याआधी बांधा. हे कुत्रं पळताना समोरच्या सशाकडे बघतं, जमिनीकडे नाही, आणि गवतात लपलेली जुनी विहीर त्याला शेवटच्या उडीतच दिसते. बांधावरच्या झटका मशीनच्या तारा ओळखून ठेवा. यंत्राचा झटका कुत्र्याला घाबरवून सोडतो, मारत नाही. पण रानडुकरांसाठी काही जण बेकायदा थेट लाईनचा करंट तारेत सोडतात, त्याने कुत्रंही मरतं आणि माणूसही. डुकरांसाठी ठेवलेले विषारी आमिषाचे गोळे आणि हातबॉम्ब यांचाही धोका आहेच. पेरणी आणि काढणीच्या हंगामात शेजारपाजारी फिरून सरळ विचारा की काय टाकलंय, कुठे टाकलंय.

सप्टेंबरनंतर माळावर कुसळी गवत वाळतं. त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात, डोळ्याच्या कोपऱ्यात शिरतात आणि उलटी निघत नाहीत, आतच सरकतात. फेरीवरून आल्यावर चारही पंजे, कान आणि काखा बोटांनी तपासणं हे पाणी पाजण्याइतकंच रोजचं काम. पश्मीच्या कानावरचे आणि शेपटीचे केस त्या दिवसांत आखूड कापलेले बरे.

मेंढपाळांशी संबंध हा वेगळाच विषय आहे. दिवाळीच्या आगेमागे धनगरांचे कळप दुष्काळी पट्ट्यातून कोकणाकडे उतरतात, परतीच्या वाटेवर पुन्हा येतात, आणि वाटेत पडीक रानात वाघर लावून मुक्काम करतात. शेजारच्या रानात त्यांचा वाडा, म्हणजे मुक्काम, उतरलेला दिसला की त्याच संध्याकाळी जाऊन भेटा. ‘मामा, उद्या कुठल्या अंगाला चारणार?’ एवढं विचारा, आपला फोन नंबर द्या, आणि ते असतील तितके दिवस कुत्रं त्या दिशेला नेऊ नका. त्यांची राखणीची कुत्री दणकट, जाड कातडीची आणि कळपासाठी जीव देणारी असतात. लांडग्याशी भिडणाऱ्या त्या कुत्र्यापुढे कारवानचा वेग चालतो, अंग चालत नाही. आणि कारवान मेंढ्या राखेल अशी आशा धरू नका. राखण हे वेगळ्या रक्ताचं काम आहे.

एका रोगाची गोष्ट प्रत्येक कुत्रेवाल्याला माहीत असायला हवी. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यांपुढे टाकायची पद्धत आहे. त्या मेंदूत पट्टकृमीच्या अळीची पाण्याची गाठ असेल तर कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, विष्ठेतून त्याची अंडी गवतावर पडतात, ते गवत दुसरी मेंढी खाते, आणि काही महिन्यांनी ती मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरू लागते. फुप्फुस आणि काळजातल्या गाठींतून दुसरा कृमी कुत्र्यात येतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात गाठी होतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून कच्चं डोकं, काळीज, फुप्फुस कुत्र्याला कधीच नाही. उकळून शिजवलेलं चालतं. मेलेलं जनावर तीन-चार फूट खोल पुरा, वर चुना आणि दगड. मेंढरांच्या भागात राहणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्या, किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 25 किलोच्या कुत्र्याला 125 मिलिग्रॅम. नुसतं ‘जंताचं औषध’ मागू नका, त्यात हे औषध आहे का ते वेष्टनावर वाचा.

आता रानातली जनावरं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 यात शिकार या शब्दाची व्याख्या रुंद आहे. मारणं, पकडणं यासोबत पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारच. ‘आमच्या कुत्र्याने धरलं नाही, नुसतं पळवलं’ हे कायद्यात चालत नाही. काळवीट, चिंकारा, लांडगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ससाही संरक्षित आहे. सशामागे कुत्री सोडून त्याचे व्हिडिओ टाकणारे स्वतःविरुद्धचा पुरावाच टाकत असतात. पण कायदा नसता तरी हे करू नये असं मला मनापासून वाटतं. खूप दमवलेलं काळवीट सुटलं तरी काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकतं. अतिश्रमाने त्याचे स्नायू आतून फुटतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. पाठलाग बघणाऱ्याला ते पळून गेलेलं दिसतं, मेलेलं दिसत नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या रेहेकुरी काळवीट अभयारण्याजवळ राहत असाल तर मोकळ्या माळावर कुत्रं दोरीवरच. इतरत्रही वर्षाचे काही महिने असेच जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला खोकडाची पिल्लं बिळाच्या तोंडाशी खेळतात. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत टिटवी, धाविक, चंडोल यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. काळविटाची मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात लपवून चरायला जाते. ते हलत नाही म्हणून कुत्र्याला दिसत नाही, पण पाय पडला की उठून पळतं, आणि मग संपलं. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की कुत्रं ताबडतोब दोरीला लावून आल्या वाटेने मागे फिरा. ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या कडेलाही नको. शेवटच्या सऱ्या तुटताना ससे, रानमांजरं, कोल्हे एकदम बाहेर पडतात, कधी बिबट्याची पिल्लंही, आणि त्यांची आई जवळच असते. बिबट्याच्या भागात कुत्रं रात्री बंद खोलीत हवं. खिळ्यांचा पट्टा थोडी मदत करतो, पण पडवीत बांधलेल्या कुत्र्याला वाचवेलच असं नाही.

लसींकडे रानाच्या बाजूनेही बघा. डिस्टेंपर हा रोग कुत्र्यांतून खोकड, कोल्हा, लांडगा यांच्यात जातो. 2018 साली गीरमध्ये सिंह मेले त्यामागेही हाच विषाणू होता. सहा ते आठ आठवड्यांना पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी. शेतावरच्या माद्या आणि मोकळे नर यांची नसबंदी करून घ्या. पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलंय, आणि आपल्याकडे उरलेले लांडगे एवढे थोडे आहेत की ही चूक परवडणारी नाही.

पळण्याची हौस भागवायला नकली सावज करा. तीन मीटरची वेळूची काठी, टोकाला तेवढीच दोरी, तिला पांढरी प्लास्टिकची पिशवी. शेळीचं कातडं बांधू नका, आपण जे विसरायला शिकवतोय तेच पुन्हा शिकवलं जातं. आधी दहा मिनिटं चालवायचं, मग नांगरून भुसभुशीत झालेल्या सपाट रानात शंभर-दीडशे मीटरच्या तीन किंवा चार धावा, प्रत्येक धावेनंतर श्वास नेहमीसारखा होईपर्यंत विश्रांती. सव्वा वर्षाआधी पूर्ण वेगाच्या धावा नकोत, हाडांच्या वाढीच्या जागा कोवळ्या असतात. मार्च ते जून सूर्य उगवल्यानंतर तासाभरात सगळं संपवा.

ऊन लागलंच तर लक्षणं अशी: जीभ गडद लाल आणि रुंद, लाळ चिकट, चाल डगमगती. सावलीत आणून साधं पाणी पोट, मांड्या, पंजांवर सतत ओता आणि वारा घाला. ओलं कापड पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. ताप 39.5 अंशांवर उतरला की ओतणं थांबवा आणि डॉक्टरकडे न्या. पुढचे दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. चहासारखी गडद झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलाय, तेव्हा एक तासही थांबू नका. भूल द्यायची वेळ आली तर हे कमी चरबीचं शिकारी जातीचं कुत्रं आहे आणि थायोपेंटोन नको, हे डॉक्टरांना आधी सांगा. त्या औषधातून ही कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात.

आणि एवढं करूनही कुत्र्याने शेजाऱ्याची शेळी धरलीच तर आधी कुत्रं दोरीला लावून नजरेआड करा, मग शेळीकडे या. कुत्र्याच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते, आत कातडी मांसापासून सुटून पिशवी झालेली असते. सगळ्या अंगावरची लोकर किंवा केस बाजूला करून प्रत्येक भोक शोधा, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, डिझेल यातलं काही भरू नका. जनावरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. कुत्र्याच्या लसीचा दाखला त्यांना दाखवा, म्हणजे शेळीला रेबीजच्या सुया 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी द्यायच्या का ते ठरवता येईल. त्या शेळीबरोबरच्या बाकीच्या शेळ्याही तपासा, गाभण असतील त्यांच्यावर आठवडाभर लक्ष ठेवा. भरपाई शेजाऱ्याने मागायची वाट बघू नका. बाजारभाव विचारून त्याच संध्याकाळी पैसे हातात द्या, गाभण असेल तर करडाचेही धरून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 50 मीटरवरून सुरुवात करा, हातात कलेजीचे तुकडे घेऊन.